मोआ गेला, पाने राहिली

पावसाळ्यात कोकणात कुंपणावर चढलेली कळलावी दिसली, तर फुलाआधी तिच्या पानाचे टोक पाहा. ते लांबत जाऊन वेटोळे घालते आणि शेजारची काटकी धरते. निवडुंगाचा काटा हेही मुळात पानच. कासच्या पठारावरचा दवबिंदू तर चिकट पानांनी किडे पकडतो. तरीही मला सर्वांत विलक्षण वाटतो तो न्यूझीलंडच्या रानातला होरोएका. त्याची पाने ज्या पक्ष्यापासून झाडाला वाचवत असावीत, तो नाहीसा होऊन सुमारे ६०० वर्षे झाली.

होरोएका हे माओरी नाव. याच्या कोवळ्या रोपाची पाने बारीक, तपकिरी छटांची. पाचोळ्यात ती शोधावीच लागतात. मग फांद्यांशिवाय सरळसोट खोड वाढते. त्यावर जेमतेम बोटभर रुंदीची, कधी मीटरभर लांबीची पाने येतात, छत्रीच्या उघड्या काड्यांसारखी खाली झुकलेली. ती ताठ आणि चिवट असतात. कडेला दाते, आणि दात्यांपाशी वेगळ्या रंगाचे ठिपके! पंधरा-वीस वर्षे हाच अवतार. झाड साधारण तीन मीटरच्या वर गेले की फांद्या फुटतात आणि पाने आखूड, रुंद, साधी हिरवी होतात. सुरुवातीच्या वनस्पतिशास्त्रज्ञांना ही दोन निराळी झाडे वाटली, यात नवल नाही.

पण तीनच मीटर का? माणूस येण्यापूर्वी तिथे चरणारा एकही सस्तन प्राणी नव्हता. झाडपाला ओरबाडायचा तो मोआ, पंखच नसलेला पक्षी. सर्वांत मोठ्या मोआची चोच मान उंचावल्यावर तीन मीटरच्या आसपास पोहोचे. दात नसलेल्या पक्ष्याला असले लांब, ताठ पान गिळणे अवघडच. दात्यांजवळचे ठिपके त्याला ‘इथे टोचेल’ असे बजावत असावेत.

२००९ मध्ये वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठातील संशोधकांनी ही पाने चॅटम बेटांवरच्या भाऊबंद झाडाशी ताडून पाहिली. ही बेटे सुमारे ८०० किलोमीटर पूर्वेला. तिथे मोआ कधीच नव्हता. तिथले झाड लहानपणी पाचोळ्यात लपत नाही आणि पुढे इशाऱ्याचे ठिपकेही मिरवत नाही. वारा, कोरडी हवा, सावलीतला उजेड अशी कारणे देणारेही अभ्यासक आहेत, पण मला चॅटमचा पुरावा अधिक वजनदार वाटतो.

माणसे तेराव्या शतकाच्या सुमारास आली, आणि शिकारीने मोआ संपला. आज न्यूझीलंडमध्ये होरोएका हौसेने अंगणात लावतात. तिथेही तो आधी वर्षानुवर्षे पाने खाली रोखूनच वाढतो.