जीनेट बुडाली, नोंदवह्या उरल्या

सोयाबीन सोंगणीला आले की पाऊस कोसळतो, हे वाशीमच्या शेतकऱ्याला नवीन नाही. गोव्यातल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये या उशिराच्या अतिवृष्टीचा संबंध थेट आर्क्टिकमधल्या कारा समुद्राशी जोडला. तिथला उन्हाळी बर्फ घटतो, तेव्हा मध्य भारतात सप्टेंबरमध्ये अतिवृष्टीचा धोका वाढतो. पण बर्फ घटला हे ठरवायचे तर तो पूर्वी कुठे, किती होता हे कुणी तरी लिहून ठेवलेले हवे. आर्क्टिकच्या अशा जुन्या नोंदींमागे माणसांचे जीव गेले आहेत.

अशा नोंदी ठेवणारे ‘जीनेट’ जहाज ८ जुलै १८७९ रोजी उत्तर ध्रुवाकडे जायला सॅन फ्रान्सिस्कोहून निघाले. कप्तान जॉर्ज डी लाँग, पैसा ‘न्यूयॉर्क हेराल्ड’ वृत्तपत्राचा मालक बेनेटचा. बर्फाच्या कड्यापलीकडे ध्रुवाभोवती मोकळा समुद्र आहे, असे जर्मन भूगोलतज्ज्ञ पीटरमान छातीठोकपणे सांगत होते. तो समुद्र नव्हताच. दोन महिन्यांत जहाज बर्फात अडकले, एकवीस महिने बर्फासोबत वाहत राहिले आणि १३ जून १८८१ रोजी चिरडून बुडाले.

तेहतीस माणसे होड्या ओढत सायबेरियाकडे निघाली. एक होडी वादळात गेली. डी लाँगची जवळजवळ सगळी तुकडी लेना नदीच्या मुखाशी उपासमारीने संपली. ३० ऑक्टोबरला त्याने शेवटची नोंद केली: जहाज गेल्याला १४० वा दिवस, रात्रीत दोघे गेले, तिसरा अखेरच्या घटका मोजतोय. परतले फक्त तेरा.

मरण्याआधी डी लाँगने जहाजाच्या नोंदवह्या किनाऱ्यावर जपून ठेवल्या होत्या. वाचलेल्यांपैकी इंजिनिअर मेलव्हिलने त्या हुडकून काढल्या. माझ्या मते या मोहिमेतले सर्वांत मोठे काम हेच.

जहाजाच्या अवशेषांनीही एक काम केले. १८८४ मध्ये पार ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्याला जीनेटच्या खलाशाचे नाव लिहिलेली मेणकापडी विजार लागली. म्हणजे बर्फ ध्रुवाकडून आरपार वाहतो! हे हेरून नॉर्वेच्या संशोधक नान्सेनने १८९३ मध्ये ‘फ्राम’ जहाज मुद्दाम बर्फात गोठू दिले. ते तीन वर्षांनी सुखरूप परतले.

जीनेटच्या वह्यांतले तापमान, हवेचा दाब आणि बर्फाच्या नोंदी ‘ओल्ड वेदर’ प्रकल्पाच्या स्वयंसेवकांनी संगणकात उतरवल्या. हवामानशास्त्रज्ञांना त्या आज कामी येतात. आपल्या जिल्ह्यातल्या शाळांनीही पर्जन्यमापकाची नोंद रोज तारखेनिशी लिहावी, आणि वर्ष संपले म्हणून वह्या रद्दीत घालू नयेत.