काजळाच्या डबीतले शिसे

बाळाला न्हाऊमाखू घालून झाले की आजी काजळाची डबी उघडते. डोळ्यांत काजळ, गालावर तीट! दृष्ट लागू नये, डोळे टपोरे व्हावेत, ही त्यामागची माया. पण त्या डबीत आहे तरी काय, असा प्रश्न तुम्ही कधी विचारला आहे काय?

घरी धरलेले काजळ म्हणजे तुपाच्या किंवा एरंडेलाच्या दिव्याची काजळी. काजळी म्हणजे मुख्यतः कार्बन. सुरम्याची गोष्ट निराळी. तो पुष्कळदा गॅलेना नावाच्या चकचकीत खनिजाची पूड असतो. गॅलेना म्हणजे लेड सल्फाइड. शिशाचा अणुभार २०७, गंधकाचा ३२. गणित करून पाहा : १०० ग्रॅम गॅलेनामध्ये सुमारे ८७ ग्रॅम शिसेच भरते! घटक न छापलेल्या डबीत काजळी आहे की गॅलेना, हे नुसते पाहून ओळखता येत नाही. दोन्ही काळेच.

डोळ्यातून पोटात

डोळ्यात औषधाचे थेंब घातल्यावर थोड्या वेळाने घशाला कडू लागते, हा अनुभव तुम्हांला असेल. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून एक बारीक नळी नाकात उतरते. अश्रूंबरोबर सुरम्याचे कणही याच वाटेने नाकात, घशात आणि पोटात जातात. शिवाय बाळ डोळे चोळते आणि तीच मूठ तोंडात घालते. लेड सल्फाइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, हे खरे. पण जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असते. त्याच्याशी क्रिया होऊन काही शिसे विद्राव्य बनते आणि रक्तात शिरते.

गिळलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या शरीरात जेवढा भाग शोषला जातो, त्याच्या चार ते पाच पट भाग लहान मुलाच्या शरीरात शोषला जातो. शरीर शिशाला कॅल्शियम समजून फसते. त्यामुळे ते हाडांत साठते, मेंदूत पोचते आणि मज्जापेशींच्या कामात ढवळाढवळ करते. रक्तातले हिमोग्लोबिन तयार होण्यातही ते अडथळा आणते. बाळाचा मेंदू तर याच काळात झपाट्याने घडत असतो. तेव्हा झालेली हानी पुढे अभ्यासात, एकाग्रतेत दिसते आणि ती सहसा भरून येत नाही.

आईच्या हाडांतले शिसे

हाडांत साठलेले शिसे तेथे वर्षानुवर्षे राहते. गरोदरपणी बाळाची हाडे घडवण्यासाठी आईच्या हाडांतून कॅल्शियम निघते, आणि त्याच्याबरोबर शिसेही. वारेतून ते गर्भापर्यंत जाते. काही अंश दुधातही उतरतो. पण तो सहसा अल्प असतो. म्हणून बाळाला अंगावर पाजणे आपल्याच मनाने थांबवू नये; शंका आल्यास डॉक्टरांना विचारून रक्त तपासून घ्यावे. आहारात पुरेसे कॅल्शियम आणि लोह असले, तर शिसे कमी शोषले जाते.

ही नुसती भीती नाही. २०११ साली अमेरिकेतील बोस्टन शहरात सहा महिन्यांच्या एका बाळाच्या रक्तात दर डेसिलिटरला १३ मायक्रोग्रॅम शिसे सापडले. आज तेथे ३.५ मायक्रोग्रॅमलाच डॉक्टर सावध होतात. शोध घेता कारण निघाले नायजेरियाहून आणलेले ‘टिरो’ नावाचे अंजन. त्यात ८२.६ टक्के शिसे होते! पालकांनी ते प्रेमानेच लावले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते तर शिशाची निर्धोक अशी पातळी ज्ञातच नाही.

आपल्या देशात सौंदर्यप्रसाधनांना रंग देण्यासाठी शिशाची संयुगे वापरण्यास कायद्याने बंदी आहे. पण पुडीतून सुटा विकला जाणारा सुरमा कोण तपासणार?

मग घरचे काजळ तरी डोळ्यात घालावे काय? त्यात शिसे नसले, तरी बोटाच्या नखाने बुबुळाला इजा होऊ शकते, जंतुसंसर्ग होऊ शकतो. आणि काजळाने डोळे मोठे होत नाहीत. डोळ्यांचा आकार मुख्यतः आनुवंशिकतेने ठरतो.

तेव्हा मित्रांनो, आज घरातली डबी हातात घ्या आणि तिच्यावर घटकांची यादी आहे का, ते पाहा. नसेल, तर ती आजीला दाखवा. पण तिची चूक काढू नका. घरी धरलेल्या काजळाची तीट बाळाच्या कानामागे लावली, तरी आजीची माया तेवढीच राहते आणि बाळाचे डोळेही सुरक्षित राहतात.