एका सुईचा डायनासोर

क्रोशाचा डायनासोर कुठेही विकत घ्या, दादरच्या फुटपाथवर, पुण्यातल्या हस्तकला प्रदर्शनात किंवा विमानतळावरच्या महागड्या दुकानात, तो कुणाच्या तरी हातांनीच विणलेला असतो. स्वेटर यंत्रावर निघतो, मोजे निघतात, लेसही निघते. क्रोशाची बाहुली मात्र कारखान्यातलं यंत्र अजून विणू शकत नाही. दप्तराला लटकणाऱ्या तीन इंची हिरव्या प्राण्याबद्दल आधी हेच माहीत असायला हवं, कारण त्याची बाकीची सगळी कथा, त्याच्या किमतीसकट, इथूनच सुरू होते.

यंत्र का अडतं? दोन सुयांच्या विणकामात अख्खी ओळ सुईवर उघडी असते. शेकडो टाके रांगेत उभे, प्रत्येकाची जागा ठरलेली. यंत्रात प्रत्येक टाक्याला एकेक सुई दिली की काम भागतं. क्रोशात एका वेळी एकच फास जिवंत असतो. बाकी सारं विणून मिटलेलं असतं, आणि आकडा त्या मिटलेल्या कापडात पुन्हा नेमक्या जागी खुपसून दोरा ओढून काढावा लागतो. ती जागा दर टाक्याला सरकते, वळते, खेळण्यात तर गोल फिरत वरही चढते. बोट ती चाचपून शोधतं. प्रयोगशाळांमध्ये क्रोशाच्या यंत्राचे प्राथमिक नमुने तयार झाले आहेत, पण ते अजून साध्या सपाट पट्ट्यांच्या आसपास आहेत. कापड उद्योगात ‘क्रोशे मशीन’ या नावाचं यंत्र आहे खरं, पण त्यातून निघते ती क्रोशासारखी दिसणारी, वेगळ्या पद्धतीनं विणलेली लेस.

मराठी घरांना क्रोशा नवा नाही. ताटाभोवतीची महिरप, दारावरचं तोरण, पाण्याच्या तांब्यावरचा मणी लावलेला रुमाल, सोफ्याच्या पाठीवरच्या जाळ्या, बाळाचं टोपडं, असं कितीतरी पांढऱ्या दोऱ्यात विणलं गेलं आणि रुखवतात मांडलं गेलं. साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब ही भाषा अनेक घरांत आजीकडून नातीकडे आली. डायनासोरलाही हेच टाके लागतात. त्यातही बहुतेक सगळं अंग एकट्या मुक्या खांबाचं.

तरीही महिरपीत मुरलेला हात पहिल्या डायनासोरला अडखळतो. महिरपीत नक्षी रिकाम्या जागेतून उमटते. भोकं जितकी सारखी, तितकं काम देखणं. खेळण्यात एक भोकही चालत नाही, कारण त्यातून आतला कापूस डोकावतो. म्हणून लोकरीच्या वेष्टनावर जी सुई सांगितलेली असते, तिच्यापेक्षा एक-दोन आकार लहान सुई घ्यायची आणि टाका आवळून घालायचा. मनगटाला याचा त्रास होतो. सरावलेल्या बायका मध्ये थांबून हात मोकळे करतात, आणि नव्यांनी पहिल्या दिवसापासून ही सवय लावून घ्यावी.

खेळण्याचा हा प्रकार जगभर ‘अमिगुरुमी’ या जपानी नावानं ओळखला जातो. मोठं डोकं, आखूड हातपाय, गोल पोट आणि दोन काळे ठिपके एवढ्या डोळ्यांवर उभा असलेला हा गोंडसपणा जपानमध्ये रुजला. २००० नंतर तो जगभर पसरला आणि आपल्याकडे तरुण मुलींनी तो उचलला. अनेकींनी आईच्या किंवा आजीच्या डब्यातली पोलादी सुई बाजूला ठेवून अडीच-तीन मिलिमीटरची जाड सुई घेतली, आणि गेली काही वर्षं घराघरात मागे पडलेला क्रोशा पुन्हा हातात आला.

कामाची सुरुवात एका फासानं होते. बोटाभोवती दोरा गुंडाळून त्यात सहा मुके खांब घालायचे आणि दोरा ओढून मधलं भोक मिटवायचं. याला सगळ्या जणी ‘मॅजिक रिंग’च म्हणतात. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, म्हणजे १२. तिसरीत १८, चौथीत २४, पाचवीत ३०. दर फेरीला सहाच का वाढवायचे, याचं उत्तर शाळेतल्या भूमितीत आहे. मुक्या खांबाची उंची आणि रुंदी जवळपास सारखी असते. वर्तुळाची त्रिज्या एका टाक्यानं वाढली की परीघ दोन पाय पटीनं, म्हणजे सहा टाक्यांहून किंचित जास्त वाढतो. सहा वाढवले की चकती सपाट बसते. वाढ थांबवली की कडा वर उठून वाटी होते, टाके कमी करत गेलं की वाटीचं तोंड मिटतं. चेंडू, अंडं, नळी, शंकू, सगळे आकार या तीन क्रियांतून येतात. डायनासोर म्हणजे अशाच आकारांची बेरीज.

आणि सहापेक्षा पुष्कळ जास्त वाढवले तर? कडा मावेनाशी होते आणि तिला लाटा पडतात. कॉर्नेल विद्यापीठातल्या मूळच्या लॅटव्हियाच्या गणितज्ञ डायना टायमिना यांनी १९९७ मध्ये याच युक्तीनं अतिपरवलयी पृष्ठभाग क्रोशानं विणला. कागदावर समजावून सांगणं अवघड असलेली भूमिती त्यामुळे विद्यार्थ्यांच्या हातात देता आली. ट्रायसेरॅटॉप्सच्या मानेमागची झालर विणणारी मुलगी तेच गणित लहान प्रमाणात करत असते.

डायनासोर विणणाऱ्यांना इतका का आवडतो, हेही हातात सुई घेतल्यावरच कळतं. मांजर विणलं आणि कान जरा चुकले तर ते मांजर वाटत नाही. डायनासोरला कुणी जिवंत पाहिलेलं नाही. तो गुलाबी असो, निळा असो, चट्ट्यापट्ट्यांचा असो, कुणी हरकत घेत नाही. ओळख पटवायला एकेकच खूण पुरते. लांब मान म्हणजे ब्रॅकिओसॉरस, तीन शिंगं आणि झालर म्हणजे ट्रायसेरॅटॉप्स, पाठीवर पाकळ्यांसारखी तकटं म्हणजे स्टेगोसॉरस. स्टेगोसॉरसच्या तकटासाठी एकाच ओळीत मुका खांब, अर्धा खांब, खांब आणि परत उतरत्या क्रमानं तेच टाके घातले की आपोआप त्रिकोण तयार होतो. खऱ्या प्राण्याच्या पाठीवर ही तकटं दोन रांगांत, आळीपाळीनं होती. खेळण्यात बहुतेक वेळा एकच रांग शिवतात, आणि डोळ्याला तेवढं पुरतं.

सगळ्यात हट्टी टी-रेक्स. तो दोन पायांवर उभा, डोकं जड, हात नावाला. कापूस भरला की तोंडावर पडतो. त्यावर उपाय म्हणजे पावलं मोठी करायची आणि शेपूट जाड करून जमिनीला टेकवायची. गंमत अशी की वैज्ञानिकही एके काळी त्याला असाच उभा करत. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्ट्रीमधला टी-रेक्सचा सांगाडा १९१५ मध्ये शेपूट जमिनीवर टेकलेल्या ताठ अवस्थेत उभारला होता. पुढे शेपूट हवेत आणि पाठ आडवी हे योग्य असल्याचं संशोधनातून ठरलं, आणि नव्वदच्या दशकात तो सांगाडा नव्यानं मांडला गेला. क्रोशातला टी-रेक्स मात्र गुरुत्वाकर्षणापुढे नमून आजही १९१५च्याच पवित्र्यात उभा आहे.

शिवणं हा या कामातला सर्वांत नावडता भाग. पाय, हात, शेपूट, काटे वेगवेगळे विणायचे आणि मग टाचण्या लावून जागा ठरवायची. एक पाय अर्धा सेंटिमीटर पुढे गेला तर अख्खा प्राणी लंगडा दिसतो. म्हणून हल्ली न शिवता एकसंध विणायच्या कृतींना मागणी आहे. कापूस भरण्याचीही एक शिस्त आहे. साधा कापूस धुतल्यावर गोळा होतो, त्यामुळे पॉलिएस्टरचा फायबर वापरतात. तो चिमूट चिमूट सोडवून, आधी कडेला मग मध्ये भरायचा, आणि मानेत जरा ठासून, नाही तर आठवड्याभरात ब्रॅकिओसॉरस मान टाकतो.

किल्लीचा डायनासोर आकारानं लहान म्हणून सोपा, असं विकत घेणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात उलट आहे. दोन मिलिमीटरच्या आसपासची सुई आणि बारीक सुती दोरा घेतला की टाके दिसेनासे होतात. पायाची सहा टाक्यांची नळी बोटावर धरताच येत नाही. शिवाय हे खेळणं शोभेचं राहत नाही. ते दिवसभर ओढलं जातं, खिशात चुरगळतं, पावसात भिजतं. कडी नुसत्या वरच्या टाक्यात अडकवली तर महिन्याभरात टाका उसवतो. जाणत्या बायका कडीचा दोरा डोक्यातून खाली अंगापर्यंत नेऊन आत गाठ मारतात. विकत घेताना ही एक गोष्ट ओढून पाहावी.

शिकणाऱ्याची पहिली अडचण नेमकी कुठे असते, हे अमेरिकेतल्या एका जोडप्यानं बरोबर ओळखलं. जस्टिन टिऊ आणि एड्रियन झांग यांच्या ‘द वूबल्स’ या कंपनीच्या संचात लोकर, सुई, डोळे तर असतातच, पण पहिल्या काही फेऱ्या आधीच विणून दिलेल्या असतात. नवा माणूस मॅजिक रिंगपाशीच हात टेकतो, ती पायरी त्यांनी ओलांडून दिली. त्यांच्या संचांत डायनासोरही आहे. आपल्याकडे वर्ग घेणाऱ्यांनी ही युक्ती जरूर उचलावी.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र हौसेपेक्षा काळजी मोठी. चकचकीत प्लास्टिकचे डोळे आतून चकतीनं घट्ट बसतात आणि त्यांना ‘सेफ्टी आय’ म्हणतात, पण तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात ते देऊ नयेत. ओढून, चावून टाका सैल होतो आणि डोळा निसटू शकतो. त्या वयासाठी काळ्या दोऱ्यानं भरतकाम केलेले डोळेच योग्य. कडी आणि साखळी असलेली किचेन तर तान्ह्याचं खेळणं नव्हेच. भारतात १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह सक्तीचं आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी केलेल्या कारागिरांना त्यातून सूट दिलेली आहे. घरून खेळणी विकणाऱ्या अनेकींना ही नोंदणी उपयोगाची आहे, आणि त्यांनी ती करून घ्यावी.

आता किमतीकडे. समजा, एका किचेनला तीन तास लागले आणि ती दीडशे रुपयांना विकली. लोकर, कडी, डोळे, पाकीट यांत पस्तीस रुपये गेले. उरले एकशे पंधरा, म्हणजे तासाला चाळीस रुपयेही नाहीत. त्यावर गिऱ्हाईक म्हणतं, एवढ्याशा लोकरीचे दीडशे?

हा प्रश्न डायनासोरपेक्षा बराच जुना आहे. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक कुजलं आणि भीषण दुष्काळ पडला, तेव्हा कॉर्क आणि क्लोन्सच्या परिसरात कितीतरी कुटुंबं बायकामुलींनी विणलेल्या क्रोशाच्या लेसवर तगली. भारतात आंध्र प्रदेशातल्या नरसापूर भागात मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात हीच कला शिकवली आणि तिथली लेस परदेशात जाऊ लागली. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९८२ मध्ये या लेस विणणाऱ्या बायकांवर पुस्तक लिहिलं. त्यांचं निरीक्षण आजही बोचतं. बायका जागतिक बाजारासाठी दिवसाचे कित्येक तास विणत होत्या, पण त्यांना कामगार न म्हणता गृहिणी म्हटलं गेलं, विणणं हा फावल्या वेळचा उद्योग ठरला, आणि म्हणून मोबदला नगण्य ठेवता आला. नरसापूरच्या लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ‘फावल्या वेळचं काम’ हा शब्दप्रयोग मात्र डायनासोर विणणारीच्या वाट्याला अजूनही येतो, बहुतेक वेळा घरातूनच. क्रोशाचं खेळणं यंत्र बनवत नसल्यामुळे हिशेब सरळ आहे: ते पन्नास रुपयांना मिळत असेल, तर कुणाचे तरी तास पन्नास रुपयांतून वजा झालेले आहेत.

हे तास एकत्र आले की काय घडतं, ते चेन्नईत दिसलं. सुभाश्री नटराजन यांनी सुरू केलेल्या ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या गटानं जानेवारी २०१६ मध्ये ११,१४८ चौरस मीटरची क्रोशाची चादर जोडून गिनेस विक्रम केला. २०१८ मध्ये त्याच गटानं क्रोशानं विणलेल्या ५८ हजारांहून अधिक छोट्या शिल्पांचं प्रदर्शन मांडलं. देशभरातून आणि परदेशांतूनही बायकांनी आपापल्या घरी विणून ते तुकडे पाठवले होते.

विणणाऱ्यांकडे एक मागणं आहे. बाजारात दिसणारे टी-रेक्स, स्टेगोसॉरस, ट्रायसेरॅटॉप्स हे सगळे उत्तर अमेरिकेच्या खडकांतून वर आलेले प्राणी. आपलेही आहेत. गुजरातमधल्या रहियोलीचा राजासॉरस, ज्याला २००३ मध्ये नाव मिळालं, त्याच्या डोक्यावर एकच बुटकं शिंग होतं; किचेनसाठी याहून सोयीची खूण शोधून सापडणार नाही. आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावला ऐंशीच्या दशकात इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी एका प्रचंड शाकाहारी डायनासोरची हाडं उकरून काढली. १९९७ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं, आणि २००३ मध्ये त्या संस्थेच्याच आद्याक्षरांवरून त्याला आयसिसॉरस हे नाव मिळालं. त्याच्या जातीच्या इतर प्राण्यांच्या मानानं त्याची मान आखूड आणि वर उचललेली, पुढचे पाय लांब, पाठ मागे उतरती. विणायला ब्रॅकिओसॉरसहून तो सोपा जाईल: मान आखूड असल्यानं ती पडणार नाही, आणि चार पायांवर तो स्वतःचा तोल सांभाळेल. कुणी त्याची कृती मराठीत, मुक्या खांबांच्या भाषेत लिहून काढावी. शेवटी लागलेले तास लिहावेत आणि किंमत त्यावरून ठरवावी.