रोजमेळाचीं नित्य कामें यंत्राकडे सोंपवितांना

दिवेलागण झाली म्हणजे ओट्यावर कंदील ठेवून दिवसाचा रोजमेळ घालावयाचा, पेटींतील रोकड मोजावयाची, ती वहींतील शिलकेशीं जुळली म्हणजेच पानावर बसावयाचें, ही चाल आपल्यापैकीं अनेकांनीं वडिलांच्या वेळीं घरीं पाहिली असेल. कीर्दीचें पान डावीकडे जमा व उजवीकडे नांवें असें विभागलेलें असे. त्यावरून खतावणी होई आणि वर्षअखेरीस तेरीज. या कामाला बुद्धि थोडी पुरे, चिकाटी मात्र फार लागे. मजकूर तोच, रक्कम तीच, फक्त तारीख बदललेली, अशीं पानेंच्या पानें भरावीं लागत. आणि पेरणीच्या अगर सुगीच्या घाईंत चार दिवस राहून गेले कीं, पांचव्या दिवशीं आठवणीवर भिस्त ठेवून लिहिलेला हिशेब हा हिशेब नसून अंदाज होई.

आतां हिशेबाचें सॉफ्टवेअर सर्वत्र मिळूं लागलें आहे आणि 'हीच नोंद रोज कर' असें त्याला एकदां सांगून ठेवण्याची सोय त्यांत असते. ही सोय शेतकऱ्यानें घ्यावी काय, आणि घेतल्यास कोणत्या नोंदींपुरती, याविषयीं स्वानुभवावरून चार शब्द लिहावे असें मनांत आहे. अनुभव फारसा भूषणावह नाहीं, म्हणूनच तो सांगण्याजोगा आहे.

मी राहतों तें पुण्यांतील कर्वेनगर म्हणजे पूर्वीचें हिंगणें बुद्रुक. धोंडो केशव कर्वे यांनीं १८९६ सालीं काढलेला अनाथ बालिकाश्रम १९०० सालीं येथील एका झोंपडींत आला. जागा रावबहादूर गोखले यांनीं दिलेली. फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवीत असतां कर्वे ही वाट रोज पायीं तुडवीत. आज त्या माळाचें ढेकूळहि उरलें नाहीं. मात्र इमारतींच्या या दाटींत राहणाऱ्या पुष्कळांचीं शेतें गांवाकडे आहेत व तीं भाऊबंद पाहतात. माझेंहि तसेंच. थोरले बंधू पुरंदर तालुक्यांत जमीन व चार गुरें सांभाळतात, आणि मी येथें बसून दोघांचा हिशेब ठेवितों.

त्यासाठीं मीं ग्नूकॅश नांवाचें विनामूल्य सॉफ्टवेअर घेतलें. त्याची मांडणी दुहेरी नोंदीची आहे. इटलींतील लुका पाचोली या साधूनें १४९४ सालीं व्हेनिस येथें छापलेल्या गणिताच्या ग्रंथांत कच्ची वही, रोजकीर्द व खतावणी अशा तीन वह्या सांगितल्या आहेत. आपल्या देशी पद्धतीशीं त्यांचा मेळ इतका बसतो कीं, कीर्द पाहिलेल्या माणसास या सॉफ्टवेअरांत फार दिवस परकें वाटत नाहीं.

मांडणी करतांना मीं दोन नोंदी 'रोज, आपोआप' अशा लावून दिल्या. एक दुधाची: रोज १२ लिटर, दर ३४ रुपये, म्हणजे संकलन केंद्राकडून ४०८ रुपये येणें. दुसरी गड्याच्या मजुरीची: रोज ४०० रुपये रोख खर्च. दोन महिने सुरळीत गेले. तिसऱ्या महिन्यांत एक गाय आटली व दूध ७ लिटरांवर आलें. बंधूंनीं तें मला फोनवर सांगितलेंहि होतें. मीं तें ऐकलें आणि विसरून गेलों. यंत्र मात्र आपलें काम विसरलें नाहीं; वही उघडली कीं तें बारा लिटर लिहून मोकळें होई. २३ दिवसांत केंद्राकडून ३,९१० रुपये जास्त येणें दिसूं लागलें. त्याच अवधींत गडी ४ दिवस आला नव्हता, तरी त्याचे १,६०० रुपये खर्चीं पडलेले. म्हणजे वहीपेक्षां पेटींत रोकड अधिक.

दुधाचे पैसे कोठें गेले आणि ही जादा रोकड कोठून आली, असें मीं बंधूंस विचारलें. विचारण्याची माझी रीत बरी नव्हती. वडिलांमागें वीस वर्षें एकत्र चाललेल्या व्यवहारांत संशयाचा शब्द प्रथमच आला आणि तो माझ्या तोंडून आला. दादा एवढेंच म्हणाले, "गाय आटली हें तुझ्या संगणकाला कोण सांगणार होतें?" त्यानंतर पंधरा दिवस त्यांचा फोन नाहीं. केंद्राच्या चिठ्ठ्या मागवून मीं एकेक दिवस ताडला, तेव्हां पैची अफरातफर नाहीं, चूक सर्वस्वी माझ्या मांडणीची, हें उघड झालें. मग गांवीं जाऊन दादांसमोर तें कबूल करावें लागलें.

तेव्हांपासून मी नोंदींची निवड अशी करितों. जिची रक्कम व दिवस दोन्ही ठाम आहेत ती नोंद यंत्रानें खुशाल आपोआप करावी. विम्याचा हप्ता, ट्रॅक्टरच्या कर्जाचा हप्ता, भाडेपट्ट्याची ठरलेली रक्कम या अशा नोंदी होत. जिच्यांत एकहि गोष्ट हलती आहे ती यंत्रानें पुढें ठेवावी, आंकडा मात्र माणसानें भरावा. दूध दोन्ही बाजूंनीं हलतें, कारण लिटर रोज निराळे आणि दरहि फॅट व एस. एन. एफ. पाहून ठरतो. शेतावरच्या रोजच्या नोंदी पाहिल्या तर बहुतेक या दुसऱ्या प्रकारच्याच निघतात. कारखान्याच्या हिशेबाला जी सोय शोभते ती गोठ्याला जशीच्या तशी लागूं पडत नाहीं, हें मीं आधींच ओळखावयास हवें होतें.

ग्नूकॅशमध्यें ही व्यवस्था करणें अवघड नाहीं. 'शेड्यूल्ड ट्रॅन्झॅक्शन एडिटर' या खिडकींत नवी नोंद उघडावी. ती आपोआप व्हावी कीं विचारून, हें तेथें ठरवितां येतें. विचारून व्हावयाची असल्यास 'आपोआप' ची खूण काढून टाकावी. वारंवारतेच्या पानावर 'रोज' निवडावें. गडी बाजाराच्या दिवशीं येत नसेल तर 'रोज' न निवडतां 'आठवड्याला' निवडून कामाच्या तेवढ्या वारांवर खुणा कराव्या. हें फार उपयोगी पडतें. नमुना नोंदींत रकमेच्या जागीं आंकडा न लिहितां लिटरांसाठीं एक व दरासाठीं एक अशीं दोन इंग्रजी अक्षरें गुणाकाराच्या चिन्हानें जोडून लिहावीं. मग प्रत्येक वेळीं यंत्र त्या दोन अक्षरांच्या किंमती विचारतें व गुणाकार आपण होऊन करतें. वही उघडतांच मागील वेळेपासून साचलेल्या नोंदींची यादी समोर येते. आठ दिवस उघडली नसेल तर आठहि दिवसांच्या नोंदी तेथें हजर असतात. गडी आला नसेल त्या दिवसाची नोंद सोडून द्यावी, चिठ्ठी मिळाली नसेल तर पुढें ढकलावी. दोन्हींची सोय आहे.

नोंदीला अखेर घालून देणें हें मला सर्वांत महत्त्वाचें वाटतें. गाय सुमारें २८० दिवस गाभण असते, आणि विण्यापूर्वीं सुमारें ६० दिवस तिला आटवावयाची असते. तेव्हां गाभण राहिल्याची खात्री झाली कीं, रेतनाच्या तारखेपासून २२० वा दिवस हीच त्या गाईच्या दुधाच्या नोंदीची अखेरची तारीख म्हणून घालावी. अर्थात् यासाठीं प्रत्येक गाईची नोंद निराळी पाहिजे. थोडे श्रम वाढतात, पण कोणती गाय पोसण्याजोगी आहे हेंहि त्यांतच कळतें.

पीककर्जाची गोष्ट वेगळी आहे. तेथें आपोआप नोंद नको, पण सूचना अवश्य हवी. केंद्र सरकारच्या योजनेंत ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जाची मुदतींत फेड करणाऱ्यास व्याजांत ३ टक्के सूट मिळते. पूर्ण ३ लाख वर्षभर वापरले असल्यास हे ९,००० रुपये होतात. मुदतीपूर्वीं तीस दिवस सूचना यावी असें घालून ठेवलें म्हणजे पैशांची तजवीज करण्यास अवकाश राहतो. बँकेच्या यंत्राचेंहि एक नित्य काम येथें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. १ एप्रिल २०१० पासून बचत खात्याचें व्याज रोजच्या शिलकेवर मोजलें जातें. पूर्वीं महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतची किमान शिल्लकच धरीत. तेव्हां उसाचें बिल खात्यांत १२ तारखेस आलें काय अगर ९ तारखेस आलें काय, पूर्वींइतका फरक आतां पडत नाहीं.

आपल्यापैकीं जे शेतकरी उत्पादक कंपन्यांचे संचालक आहेत त्यांस दोन गोष्टी कायद्यानेंच लागू आहेत. कंपनीच्या विद्युत् स्वरूपांतील हिशेबवह्यांची प्रत भारतांतील सर्व्हरवर दररोज ठेवली पाहिजे, असा बदल कंपनी हिशेब नियमांत ऑगस्ट २०२२ मध्यें झाला. आणि १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक फेरबदलाची तारीखवार नोंद ठेवणारें व ती बंद करतां न येणारें सॉफ्टवेअरच कंपनीस वापरावें लागतें. यांपैकीं प्रत घेण्याचें काम यंत्राकडे आपोआप सोंपविण्यास अगदीं योग्य. मात्र प्रत उघडते कीं नाहीं हें महिन्यांतून एकदां कोणी तरी पाहावें. घरच्या वहीसहि हाच न्याय लावावा. ग्नूकॅश तारीखवार प्रती ठेवतें खरें, पण त्या मूळ वहीजवळच राहतात, आणि संगणक बिघडला कीं दोन्ही एकदम जातात. मी दुसरी प्रत निराळ्या डिस्कवर ठेवितों.

आतां दादा रोज रात्रीं केंद्राच्या दोन्ही वेळच्या चिठ्ठ्यांचें छायाचित्र मोबाईलवर पाठवितात, मी आंकडे भरतों, आणि केंद्राचें दहा दिवसांचें बिल आलें कीं तें वहीशीं ताडतों. सारें मिळून पांच-सात मिनिटांचें काम. मागील महिन्यांत कपिलेच्या नोंदीची अखेर झाल्याची तारीख दिसली, म्हणून मीं लगबगीनें गांवीं फोन केला. दादा म्हणाले, "अरे, तिचें दूध मीं परवांच बंद केलें."