अडलेल्या ट्रॅक्टरचे निदान

बीड जिल्ह्यातील धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात, तेव्हा अनेक टोळ्यांचा सारा हंगाम ट्रॅक्टरवर अवलंबून असतो. कारण माणसे आणि संसार वाहून नेण्यापासून फडातला ऊस कारखान्याच्या गव्हाणीपर्यंत पोचवण्यापर्यंतची कामे त्याच्याकडेच असतात. बालाघाटच्या खडकाळ चढांवर आणि गोदाकाठच्या काळ्या चिखलातही ट्रॅक्टरच चालतो. पेरणी उरकल्यावर काही आठवडे शेडमध्ये उभा राहिलेला ट्रॅक्टर नेमका निघायच्या वेळी अडून बसला, तर त्यात नशिबाचा भाग थोडा आणि रसायनशास्त्राचा व उष्णताशास्त्राचा भाग मोठा असतो.

पेट्रोलचे इंजिन सुरू झाले नाही की प्रथम प्लगची ठिणगी तपासली जाते, परंतु ट्रॅक्टरच्या डिझेल इंजिनात ठिणगीच नसते. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९२ मध्ये ज्या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९७ मध्ये जर्मनीतील ऑग्सबुर्ग येथे जे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले, त्याचे तत्त्व असे की, सिलिंडरमधील हवा दट्ट्याने इतकी दाबायची की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटावे. आजच्या डिझेल इंजिनात हवा साधारणपणे सोळा ते वीस पट दाबली जाते; उष्णता अजिबात निसटली नाही असे गृहीत धरले, तर १० अंश सेल्सिअसची हवा अठरा पट दाबल्यावर ६०० अंशांच्या पुढे जाते. प्रत्यक्षात मात्र थंड सिलिंडरच्या भिंती बरीच उष्णता शोषून घेतात आणि पिस्टनच्या कड्यांच्या फटींतून थोडी हवाही निसटते. दाबण्याची क्रिया जितकी सावकाश, तितका या गळतीला वेळ जास्त. म्हणून इंजिन फिरते आहे एवढे पुरेसे नसते, ते पुरेशा वेगाने फिरावे लागते. हिवाळ्याच्या पहाटे दुबळी बॅटरी दुहेरी घात करते, कारण थंडीत तिच्यातील रासायनिक क्रिया मंदावते आणि त्याच वेळी घट्ट झालेले इंजिन ऑइल फिरण्याला अधिक विरोध करते.

त्यामुळे कुशल मिस्त्री पाना हातात घेण्याआधी कान आणि डोळे वापरतो. किल्ली फिरवल्यावर काहीच आवाज आला नाही, तर क्लच पूर्ण दाबला आहे का आणि गिअर न्यूट्रलमध्ये आहे का हे आधी पाहावे लागते, कारण अनेक ट्रॅक्टरांत सुरक्षेसाठी बसवलेला स्विच या अटी पूर्ण झाल्याशिवाय सेल्फला, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या विद्युत मोटारीला, वीजच जाऊ देत नाही. नुसते ‘टक’ वाजून थांबले, तर सेल्फवरचा विद्युतचुंबकी स्विच हलतो आहे, पण मोटार फिरवण्याइतका प्रवाह मिळत नाही, असा अर्थ बहुधा निघतो. येथेच गावोगाव एक महागडी चूक होते: बॅटरी उतरली असे ठरवून नवी आणली जाते. वास्तविक सेल्फ फिरताना २०० अँपिअर किंवा त्याहून अधिक प्रवाह ओढतो. बॅटरीच्या टर्मिनलवर साचलेल्या पांढऱ्या-हिरव्या क्षारांमुळे जोडणीत केवळ एक शतांश ओहम रोध निर्माण झाला, तरी २०० अँपिअरला २ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात, आणि १२ व्होल्टच्या व्यवस्थेत हा तोटा सेल्फला गारद करण्यास पुरतो. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या खुंटावर आणि दुसरे त्यावरच्या क्लॅम्पवर टेकवून सेल्फ मारला, की हा चोर पकडला जातो. गरम पाणी, खाण्याचा सोडा आणि तारेचा ब्रश एवढ्यावर मग काम भागते.

जोडण्या स्वच्छ असूनही सेल्फ रेंगाळत असेल, तरच बॅटरीवर संशय घ्यावा. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीच्या स्थितीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे ती जवळपास निम्मी रिकामी असते, आणि सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्याही खाली घसरला तर तिची ताकद संपत आली असे समजतात. वापराविना पडून राहिलेली बॅटरी आपोआप उतरत जाते, उष्ण हवेत हे लवकर घडते, आणि उतरलेल्या अवस्थेत तिच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे टणक स्फटिक वाढल्यामुळे नंतर ती पूर्ववत भरत नाही.

सेल्फ जोमाने फिरतो, तरी इंजिन पेट घेत नाही, अशा वेळी धुराड्याकडे पाहावे. पांढरा धूर म्हणजे न जळलेल्या डिझेलची वाफ. इंधन सिलिंडरपर्यंत पोचते आहे, पण उष्णता अपुरी आहे, असा त्याचा अर्थ. धूरच दिसत नसेल, तर इंधन पोचत नाही. मग आधी इंजिन बंद करण्याची ओढणी बाहेरच राहिली आहे का ते पाहावे (हे कारण सांगताना मिस्त्री हसतात, पण ते दुर्मिळ नाही), आणि त्यानंतर फिल्टरकडे वळावे. पावसाळ्यात अर्धवट रिकाम्या टाकीतील दमट हवेचे पाणी होते. ते डिझेलहून जड असल्याने तळाशी साचते, तेथे सूक्ष्मजीव वाढतात आणि त्यांचा बुळबुळीत थर फिल्टर तुंबवतो. ट्रॅक्टर उभा करून ठेवण्याआधी टाकी काठोकाठ भरावी, या सल्ल्यामागचे कारण हे आहे.

टाकी एकदा पूर्ण रिकामी झाली किंवा नळीचा वॉशर सैल पडला, तर ‘पंपाने एअर घेतली’ असे म्हटले जाते. नोझलची सुई उघडण्यासाठी सुमारे २०० बारचा, म्हणजे वातावरणाच्या जवळपास दोनशे पट दाब लागतो. डिझेल जवळजवळ दाबले जात नसल्याने पंपाचा रेटा थेट सुईपर्यंत जातो, पण मध्ये हवेचा बुडबुडा असला तर तोच आकसतो आणि सुई जागची हलत नाही. म्हणून फिल्टरवरचा एअर काढण्याचा स्क्रू सैल करून, हाताने चालवायचा प्रायमर पंप फेस थांबून सलग डिझेल येईपर्यंत मारतात. याउलट हवेच्या वाटेवर पेट्रोलचा बोळा धरून इंजिन पेटवण्याची प्रथा घातक आहे, कारण पेट्रोल अवेळी भडकून पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड यांवर आघात करते, आणि धरणाऱ्याचा हात भाजू शकतो तो वेगळाच.

बॅटरीचा भरवसा नसलेले कित्येक चालक ट्रॅक्टर उतारावरच उभा करतात. जुन्या बनावटीत ही युक्ती शास्त्रशुद्ध ठरते, कारण पंप यांत्रिक असल्याने इंजिनाला इंधन जाळण्यासाठी विजेची गरजच नसते. मात्र भारतात जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक निकष लागू झाले, आणि त्यांच्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कॉमन रेल पद्धतीत प्रत्येक नोझल संगणकाच्या आज्ञेनेच उघडते. तेथे बॅटरी मेली असेल तर कितीही उतार मिळाला तरी इंजिन सुरू होत नाही, आणि जुन्या सवयीने नोझलची नळी सैल करून एअर काढायला जाणे तर जिवावर बेतू शकते, कारण या नळ्यांमधील एक हजार बारहून अधिक दाबाची डिझेलची धार कातडी भेदून आत शिरते.