लोहचुंबकाची चाकरी

रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली तालुक्याच्या उत्तर भागात, भारजा नदी समुद्रास मिळते तेथे केळशी हे गाव वसले आहे. तेथील काय, किंवा कोकणातील दुसऱ्या एखाद्या पुळणीवरील काय, ओहोटीच्या वेळी वाळू नीट न्याहाळली तर तिच्यात मधूनमधून काळसर रेघा उमटलेल्या आढळतात. हा मळ नव्हे. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात लोहयुक्त खनिजांचे सूक्ष्म कण असतात. पावसाने पाषाण झिजतो, नद्या ते कण खाली वाहून आणतात, आणि हलकी वाळू लाटेबरोबर निघून गेली की हे जड कण मागे उरतात. एक लोहचुंबक कागदात गुंडाळून ह्या रेघांवरून फिरवा. कागदास काळ्या मिशा फुटतील! हे कण मॅग्नेटाइट नावाच्या खनिजाचे होत. चुंबक कागदातून काढून घेताच ते गळून पडतात. चुंबक उघडाच फिरवला, तर मात्र ते निपटून काढता काढता नाकी नऊ येतात.

ही युक्ती कारखान्यांतही चालते. केरळात चवरा येथे समुद्राच्या वाळूतून इल्मेनाइट वेगळे काढतात. त्यास मॅग्नेटाइटइतकी ओढ नसल्यामुळे फार जबर चुंबक वापरावे लागतात. धान्याच्या गिरणीतही दाण्यांच्या वाटेवर चुंबक बसवलेला असतो. दाण्यांबरोबर आलेला चुकार खिळा तो वाटेतच धरून ठेवतो.

मऊ लोखंड चुंबकाच्या सान्निध्यात असेतोवरच चुंबक होते; चुंबक दूर नेला की त्याचा गुण जातो. पोलादाचे तसे नाही. एकदा आलेले चुंबकत्व ते सहजासहजी सोडत नाही. अशा चुंबकास स्थायी चुंबक म्हणतात. त्यास वीज लागत नाही की इंधन लागत नाही. फार तापवले किंवा वारंवार ठोकले, तर मात्र तो दुबळा होतो.

त्याची एक जुनी चाकरी दर्यावर्द्यांच्या घरची. होकायंत्रातील सूची म्हणजे एक लहानसा स्थायी चुंबकच होय. आज मासेमारीच्या होड्यांवर उपग्रहाच्या आधारे ठिकाण दाखवणारी साधने आली आहेत. तरी वीज बंद पडली असता वाट दाखवण्यास सूचीच उपयोगी पडते. जहाजाचे लोखंड तिला फसवते. म्हणून होकायंत्राच्या पेटीत आणखी लहान चुंबक बसवून तो दोष घालवतात. चुंबकाची चूक चुंबकानेच सुधारायची, असा हा प्रकार आहे.

पण सूची बरोबर उत्तरेकडेच रोखते काय? पुष्कळ ठिकाणी नाही. कोकणात हा फरक सध्या एका अंशाहूनही कमी आहे. परंतु तो वर्षानुवर्षे बदलतो आणि दिवसाच्या प्रहरांप्रमाणेही किंचित हलतो. हे बदल मोजणारे एक नामांकित ठिकाण ह्याच किनाऱ्यावर, केळशीच्या उत्तरेस, अलिबाग येथे आहे. त्याची कथा मुंबईत सुरू होते.

कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ साली चुंबकीय निरीक्षणांस प्रारंभ झाला. टांगलेला चुंबक किती वळला हे निरीक्षक स्वतःच्या डोळ्यांनी वाचत व वहीत टिपून ठेवीत. २ सप्टेंबर १८५९ रोजी सूर्यावरील उत्पातामुळे पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ झाले. त्या वेळी कुलाब्यास पृथ्वीच्या चुंबकत्वाचे आडवे बल सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घटलेले आढळले. ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्ष लाखिना व त्यांचे सहकारी यांनी २००३ साली त्या जुन्या नोंदींवरूनच वादळाचे बल अजमावले. अशा अभ्यासाचे मोल थोडे नाही. १८५९च्या मानाने पुष्कळ सौम्य असलेल्या मार्च १९८९ च्या वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांतात सुमारे साठ लाख लोकांची वीज घालवली होती.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेची ट्राम आणण्याचे ठरले. रुळांतून व जमिनीतून वाहणाऱ्या विजेने कुलाब्याचे नाजूक चुंबक विचलित झाले असते. शहरास ट्राम हवी होती आणि शास्त्रास शांत जागा हवी होती. वेधशाळेचे संचालक डॉ. नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस यांनी अलिबागची जागा निवडली. तेथील इमारतींस पोरबंदरचा दगड वापरला. कारण आपला काळा पाषाण स्वतःच थोडा चुंबक असतो. बिजागऱ्या व खिळेही लोखंडाचे चालेनात. ते तांब्यापितळेचे केले. घाईने सारे हलवले असते, तर नव्या आकड्यांचा जुन्यांशी मेळ बसला नसता आणि साठ वर्षांची नोंद तुटली असती. म्हणून १९०४ ते १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी निरीक्षणे चालवली. पुढे १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावू लागली, तेव्हा अलिबागचे चुंबक निर्वेधपणे काम करीत होते. आज ही वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थानाकडे आहे. तेथे आता इलेक्ट्रॉनिक उपकरणेही मोजणी करतात.

घरातही स्थायी चुंबक दडून बसलेला असतो. ध्वनिक्षेपकात त्याच्या फटीत तारेचे वेटोळे असते. त्यातून बदलती वीज वाहिली की वेटोळे मागेपुढे हलते आणि त्यास जोडलेला शंकू हवेस कंप देतो. विजेच्या जुन्या मीटरात ॲल्युमिनियमची तबकडी बेफाम फिरू नये म्हणून तिला आवर घालण्याचे काम चुंबकाकडे असे.

पोलादापेक्षा प्रबळ चुंबक विसाव्या शतकात घडले. १९८०च्या दशकाच्या आरंभी जपानात मासातो सागावा व अमेरिकेत जॉन क्रोट यांनी निओडिमियम, लोह व बोरॉन यांचा चुंबक स्वतंत्रपणे सिद्ध केला. निओडिमियम आणि समेरियम ही दुर्मिळ मृदा धातू होत. केरळ व ओडिशाच्या किनाऱ्यांवरील वाळूत मोनाझाइट नावाचे खनिज सापडते, त्यात ही दोन्ही असतात. समेरियम आणि कोबाल्ट यांचा चुंबक अधिक उष्णता सोसतो. तो तयार करण्याचा कारखाना २०२३ साली विशाखापट्टणम येथे राष्ट्रास अर्पण करण्यात आला.