उत्प्रेरकी बहुवारिकीकरणातील तापमान : प्रतिमानाची एक दृष्टी

१९५३ मध्ये कार्ल झिग्लर व १९५४ मध्ये जुलिओ नाट्टा यांच्या संशोधनामुळे पॉलिएथिलीन व पॉलिप्रॉपिलीन सौम्य दाबाखाली आणि साधारणतः १०० अंश सेल्सिअसच्या आतबाहेर तयार करणे शक्य झाले. महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातील नागोठणे येथील पेट्रोरसायन संकुलात ही दोन्ही बहुवारिके तयार होतात. अशा अभिक्रियापात्रात तापमान हा वरकरणी एकच चल असतो. प्रत्यक्षात तो एकाच वेळी अनेक क्रियांवर वेगवेगळ्या प्रमाणात परिणाम करतो. प्रतिमानाची खरी अडचण हीच होय.

शृंखलावृद्धीची सक्रियण ऊर्जा प्रतिमोल ४० किलोजूल मानल्यास, आऱ्हेनिअसच्या समीकरणानुसार ७० वरून ८० अंशांवर जाताना वृद्धीचा वेग सुमारे दीडपट होतो. शृंखला तोडणाऱ्या हस्तांतरण-क्रियेची सक्रियण ऊर्जा त्याहून १५ किलोजूलने अधिक धरली, तर सरासरी शृंखलालांबी सुमारे १४ टक्क्यांनी घटते. घट किरकोळ भासते. परंतु लांब शृंखलांच्या वितळलेल्या बहुवारिकाची श्यानता रेणुभाराच्या सुमारे ३.४ घाताच्या प्रमाणात बदलते; म्हणजे ती जवळजवळ ४० टक्क्यांनी कमी होते. पिशवीसाठी योजिलेला माल मग फिल्म फुगविताना टिकेलच असे नाही. उद्योगात रेणुभार मुख्यत्वे हायड्रोजनच्या प्रमाणाने राखला जातो, म्हणून तो स्थिर न ठेवता केलेली तुलना निरर्थक ठरते.

येथेच चित्र पूर्ण होत नाही. द्रावकातील प्रक्रियेत तापमानाबरोबर एथिलीनची विद्राव्यता घटते व उत्प्रेरकाची सक्रिय केंद्रे लवकर निकामी होतात. परिणामी उत्पादन एका मर्यादेपर्यंत वाढून पुढे उतरते, आणि विद्राव्यतेचा विचार न करता काढलेली सक्रियण ऊर्जा खऱ्यापेक्षा कमी दिसते. महाविद्यालयीन प्रकल्पांत चार-पाच बिंदूंतून बहुपदी वक्र काढण्याची प्रथा या दृष्टीने धोक्याची आहे. वक्र बिंदूंना चपखल बसतो, पण मोजलेल्या टप्प्याबाहेर त्याला कोणताही भौतिक आधार नसतो. वृद्धी, हस्तांतरण व निष्क्रियता यांची तीन साधी समीकरणे स्वतंत्रपणे मांडणे अधिक श्रमाचे, परंतु विश्वासार्ह आहे.

उष्णतेचा प्रश्न त्याहून बिकट. एक किलो पॉलिएथिलीन तयार होताना सुमारे ३,५०० किलोजूल उष्णता बाहेर पडते. उकळत्या पाण्याच्या दीड किलोची वाफ करण्यास ती पुरेशी आहे. वाढणाऱ्या कणाचे तापमान त्यामुळे सभोवतालच्या वायूपेक्षा अधिक असू शकते. तापमापी मात्र वायूचेच तापमान दाखवितो. कण मऊ पडले की ते एकमेकांना चिकटतात.

ही उष्णता शेवटी शीतकरण मनोऱ्यातील पाण्यामार्फत काढावी लागते, आणि त्या पाण्याची नीचतम मर्यादा हवेच्या तापमानावर नव्हे, तर ओल्या कापडात गुंडाळलेल्या तापमापीच्या वाचनावर ठरते. नागपूरच्या ४५ अंशांच्या कोरड्या मे महिन्यात हे वाचन कोकणातील दमट जुलैपेक्षा कमी असू शकते. विदर्भातील संगणकावर चालविलेल्या प्रतिमानात नागोठण्याचा पावसाळा स्वतंत्रपणे घालावाच लागतो.